गोजरबाईच्या लांडोरी

भोकरदनच्या गल्लीबोळांत मोर हिंडायचे, असं आज कुणी सांगितलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. पण बहात्तरच्या दुष्काळात डोंगरातले झरे आटले, तसे मोर आणि लांडोरी पाण्याच्या मागोमाग गावात उतरले. पुढं पाऊस झाला तरी परत गेले नाहीत. कुणाची कुरडई उचल, कुणाची ज्वारी विस्कट, दिवसभर त्यांचा नुसता धुडगूस. गाव शिव्या घालायचं आणि पीस सापडलं की देव्हाऱ्यात खोवायचं.

गोजरबाई मजुरीला जाणारी, पन्नाशीची, एकटी बाई. नवरा कधीच गेलेला, पोटी मूल नाही, अंगणात सहा कोंबड्या. त्या पावसाळ्यात कुत्र्यांनी घाणेरीच्या झुडपातली एक लांडोर फाडली. मागं चार अंडी उरली. गोजरबाईनं ती पदरात घालून आणली आणि आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. त्यात तिला काही विशेष वाटलं नाही. शेजारणीची अंडी आपल्या कोंबडीखाली ठेवायची रीतच आहे.

कोंबडीची पिल्लं एकविसाव्या दिवशी निघतात. इथं पंचविसावा उजाडला तरी हूं की चूं नाही.

"आवं, नासली ती. फेकून द्या जल्दी," शेजारची केशरबाई म्हणाली.

"तिनं बसायचं सोडलं न्हाई, मंग मी कोण उठवणार?"

अठ्ठाविसाव्या दिवशी तीन पिल्लं निघाली. पुढं तिन्ही लांडोरीच ठरल्या.

त्या कोंबड्यांतच वाढल्या. गोजरबाई त्यांना कोंबड्यांसारखंच बोलवायची. मुठीत कण्या घेऊन, "आ आ, तीऽ ती ती!" दोन गल्ल्या पलीकडून, माना ताणत तिघी धावत यायच्या. बाई सुखानं वेडी झाली होती. का होऊ नये?

चूक तिथंच झाली. ती हाक काही तिच्या एकटीची नव्हती. सगळं गाव कोंबड्यांना तसंच बोलावतं. वैशाखात एक अनोळखी माणूस रस्त्याकडेला बसला, मूठ उघडली, हाक मारली. एक लांडोर पायाशी गेली आणि तशीच पोत्यात गेली.

"मला वाटलं, तुमचाच कुणी पाव्हणा आल्ता," केशरबाई रडत सांगत होती. "ती बी खुशाल गेली वो त्याच्याकडं."

गोजरबाई दिवसभर जेवली नाही. त्या माणसाला शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या. दोघींना कोंडावं, तर डोंगरातली पाखरं ती. सकाळी तिनं एका हातात कण्या घेतल्या, दुसऱ्या हातात चिंचेचा फोक. हाक मारली. दोघी धावत आल्या आणि तिनं फोक ओढला. हलक्या हातानं भागणार नव्हतं. पिसं उडाली.

"येड लागलं का तुमाला?" केशरबाई धावली.

"या हाकंला गेलं की मार बसतो, हे त्यांला कळू दे. माझ्याच हातानं कळू दे."

असं तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी फोक घरातच ठेवून ती अंगणात आली आणि तिनं हाक मारली. शेजारच्या छपरावरून दोन माना वळल्या. येऊ नयेत म्हणूनच तर मारलं होतं. तरी दुसरी हाक तिनं जितकी गोड मारता येईल तितकी गोड मारली. दोघी उडाल्या, गावाबाहेरच्या बाभळींकडं गेल्या.

"बराबर," गोजरबाई म्हणाली, आणि अंगणात मटकन बसून हमसून हमसून रडली.