मार्शल म्हणाल्या, उठा

नदी एवढीशी असेल असं वाटलं नव्हतं. डेट्रॉइटच्या काठावर उभं राहिलं की पलीकडच्या कॅनडातल्या बसचा रंग ओळखता येतो. गुलामीतून पळालेली माणसं शेकडो मैल लपतछपत इथवर यायची आणि होडीची वाट बघायची. मधे फक्त हे पाणी. माझं डोकं इथेच फिरलं.

मी नागपूरची, सभांची पत्रकं लिहिणारी. ट्रॉय या उपनगरात श्रीरंगकाकांकडे (बाबांचे चुलतभाऊ) उतरले होते. त्यांची मुलगी ऋचा, वय चौदा, काठाजवळच्या एका जुन्या चर्चमध्ये नाटुकलं करणार होती. पळून आलेल्या बाईला घरात लपवणारी मुलगी. संवाद तिचे तिनेच ठरवायचे होते.

वाटेत आम्ही कोनी (सॉसेज घातलेला पाव, वर खिम्याचा तिखट रस्सा) खाल्ला. पहिल्याच घासाला रस्सा माझ्या कुर्त्यावर. पुसत होते, तेवढ्यात काका म्हणाले, "ऋचू, नाटकात ती कुठाय विचारलं, तर तू म्हण, मला काही माहीत नाही."

"बाबा, इट्स अ प्ले!"

"असू दे. आपलं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे."

"काका, गुलामी संपून दीडशेवर वर्षं झाली," मी म्हटलं.

"तुला काय जातंय बोलायला? तू चाललीस पुढच्या आठवड्यात."

ऋचाने पाव तसाच ठेवला. तिला त्या बाईला वाचवायचं होतं, बस.

चर्चच्या तळघरात मिस रूथ भेटल्या. कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका, आवाज मऊ. डेट्रॉइटच्या या मिशिगन राज्यात गुलामी नव्हती, म्हणजे इथे पोचलं की सुटलो, असं मी समजत होते. साफ चूक! १८५० साली दक्षिणेच्या मालकांना राजी राखायला वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला. पळालेला माणूस देशात कुठेही धरायचा. त्याला स्वतःची साक्ष देता येणार नाही. लपवणाऱ्याला तुरुंग. आणि मार्शलने (सरकारी अंमलदाराने) हुकूम केला की साध्या नागरिकानेही धरपकडीला जायचं. उत्तरेतल्या काही राज्यांनी चिडून उलट कायदे केले, दक्षिण ओरडली की करार मोडलात, आणि पुढे युद्धच पेटलं.

ज्याच्या घरी एकही गुलाम नाही, त्यालाही गुलामीच्या कामाला जुंपायचं! ही नीच अक्कल कुणाला सुचली असेल?

नाटुकलं सुरू झालं. मिस रूथच टोपी घालून मार्शल झाल्या. पडद्यासमोर ऋचा.

"ती आत आहे?"

"आहे. पण देणार नाही," ऋचा इंग्रजीत म्हणाली. काकांनी कपाळाला हात लावला.

मार्शल प्रेक्षकांकडे वळल्या. "तुम्ही, निळा स्वेटर. कायद्याचा हुकूम आहे. उठा."

आणि काका उठले.

मला वाटलं, गंमत करतायत. नाही. व्हिसाच्या खिडकीवर नंबर पुकारला की उठतात, तसे उठले. पुढे गेले. पडद्याला हात घातला.

घरी प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत उत्तर देणारी ऋचा मराठीत म्हणाली, "बाबा, हात नका लावू तिला."

काका लेकीकडे वळले. मग पडदा सोडून मार्शलना म्हणाले, "सॉरी मॅडम. आय वोन्ट."

"मग तुम्हालाही अटक. नाव?"

नेहमीच्या सवयीने त्यांनी एकेक अक्षर सुटं करून पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट. ऋचा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

निघताना मी मिस रूथना विचारलं, "नेहमी कुणी उठतंच का?"

"बसून राहिलेलं अजून कुणी पाहिलं नाही मी," त्या म्हणाल्या. "माघारी फिरणारे मात्र थोडे."

आता नागपुरात काका माघारी फिरल्याचं मी सगळ्यांना सांगते, अभिमानाने सांगते. पण आधी ते किती पटकन उठले, तेही सांगते. मिस रूथनी आवाजसुद्धा चढवला नव्हता.