बिब्याचा डाग

आमच्याकडे टाच काळी असणं म्हणजे बातमी नव्हे. शहाद्याकडच्या आमच्या गावात शेतात राबणाऱ्या कुठल्याही बाईचा पाय उलटा करून बघा, दोन-चार काळे ठिपके सापडणारच. काटा मोडला की सुईनं काढायचा. बिबा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेलाचा थेंब फुटला की तो गरम थेंब त्या जागेवर द्यायचा. चर्रकन भाजतं, ठणका थांबतो आणि मागे काळा डाग राहतो.

माझी माय यात तरबेज. गल्लीतल्या बायका तिच्याकडेच पाय घेऊन यायच्या. तिला मात्र कंबरेमुळे स्वतःच्या टाचेपर्यंत वाकता येईना, म्हणून त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले तेव्हा तिनं पाय माझ्या मांडीवर टाकला. कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट लागला होता म्हणे, केव्हाचा सलतोय. टाचेवर हरभऱ्याएवढा काळा डाग होता. मी म्हटलं, मागच्याच बिब्याचा असेल. "आते काय पोथी वाचशी का? दे ना चटका," माय म्हणाली. मी दिला. तेलाचा एक थेंब माझ्या बोटावरही सांडला, तिथंही काळं झालं. त्यावरून ती मला चांगलीच हसली, शिकलेल्या पोरीला साधा बिबा धरता येत नाही म्हणून.

शिकलेली म्हणजे मी शाळेत विज्ञान शिकवते. दहावीला गुणसूत्रं, जनुकं, पेशी, सगळं फळ्यावर काढून दाखवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पोळ्याला परत गेले. चुलीशी बसलो असताना तिनं माझा हात ओढून घेतला आणि ते बोट उजेडाकडे धरून बराच वेळ बघत बसली. मी वैतागले. "काय देखी ऱ्हायनी वं? सोड, पीठ मळानं शे." तिनं हात सोडला आणि जात्याजवळची परात पुढे सरकवली.

पुढच्या आखाजीला मी गेले तर अंगणात ठिकठिकाणी लाल ठसे. सांजोऱ्यांचा घाट घातलेला आणि ही बाई टाचेला चिंधी गुंडाळून फिरतेय! मी चिंधी सोडली. डाग रुपयाएवढा झालेला, कडा वेड्यावाकड्या, मधे फुटून ओला. जांघेत गाठ होती, तीही तिनं कुणाला सांगितली नव्हती. मी भावावर आणि तिच्यावर इतकी ओरडले की शेजारीण भिंतीवरून डोकावली. दुसऱ्या दिवशी भावानं गाडी काढली आणि आम्ही सुरतेला गेलो.

डागाचा तुकडा तपासून आला. त्वचेचा कर्करोग, त्यातही तळपायाचा, दुर्मीळ प्रकार. डॉक्टर सावकाश बोलणारे होते. त्यांनी विचारलं, काळं कधीपासून? माय म्हणाली, मागल्या आखाजीचा काटा तो, वरून बिबा दिला. बिबा कोणी लावला, डॉक्टरांनी विचारलं.

"मीच लावा. मन्हाच हाते."

मी शेजारीच बसले होते. इतकी वर्षं मुलांना खरं बोला सांगणारी मी, त्या खोलीत मुकाट पिशवीचे बंद ओढत बसले. याची लाज आजही वाटते.

टाचेचा भाग आणि जांघेतल्या गाठी काढल्या. काढलेला तुकडा जनुकांच्या तपासणीला गेला. एका ठरावीक जनुकात बदल सापडला, तर त्यावर गोळी आहे, एवढीच आशा होती. मी भावाला बाहेर पाठवून डॉक्टरांना एकटीनं विचारलं, बिब्यानं झालं का हो हे? ते म्हणाले, तसं म्हणता येणार नाही. हा उन्हानंही होत नाही. उन्हाच्या रोगात जनुकांत बारीक बारीक चुका पुष्कळ असतात. इथं गुणसूत्रांचे तुकडेच्या तुकडे जास्तीचे होतात, काही गळून जातात. का, ते नीट कळलेलं नाही. मग चष्मा पुसत म्हणाले, "बिब्यानं झाला नसेल, पण बिब्याच्या आड लपला."

मायलाही ते टाळत नसत. गाठीच्या भोवती काय चाललंय तेही त्यांनी तिला सांगितलं. अंगातल्या राखणीच्या पेशी गाठीपर्यंत पोचतात थोड्याच, आणि ज्या पोचतात त्यांनाही ती दमवते, आजूबाजूच्या भल्या पेशींना आपल्या कामाला लावते. मी ते अहिराणीत सांगितलं.

"म्हंजे राखनदारच फितूर व्हयनात," माय म्हणाली.

फितूर नाही, थकलेत, डॉक्टर म्हणाले. त्यांना जागं करायचं औषध आहे, पण या प्रकारात त्याचा गुण कमी येतो. तरी देऊ.

तपासणीचा कागद आला. हवा तो बदल त्यात नव्हता. इतके बदल होते की मला वाचताना घाम फुटला, पण गोळीच्या उपयोगाचा एकही नव्हता. शिरेतून औषध सुरू झालं. काही महिने बरे गेले. ती काठी घेऊन ओट्यावर यायची, बायकांचे काटे काढायची. पण बिबा द्यायची नाही. "धोई टाक, आनि काळं दिसनं तं दवाखानामा जा," एवढंच सांगायची. मग दुखणं फुप्फुसात उतरलं आणि सुरतेच्या फेऱ्या थांबल्या.

एका दुपारी मी तिच्या पायाला तेल चोळत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, माय, तू डॉक्टरला खोटं का बोललीस? बिबा तर मी लावला होता.

तिनं माझं बोट धरलं, तेच.

"तुन्हा डाग पोळापहिलेच निंघी गया व्हता. एकच बिबा, एकच दिन. मन्हा नई गया. माले तवयच समजनं, हाऊ बिबाना नई."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पुरावा माझ्याच बोटावर होता, आणि तो वाचला माझ्या अंगठाबहाद्दर मायनं.

"मंग तवयच सांगानं व्हतं ना वं!" मी ओरडलेच.

"बिबा तू लायेल व्हता ना. सांगतू तं तू सालभर रडती." ती दम घ्यायला थांबली. "आते थोडंच रडशी."

तिला जाऊन यंदा दुसरी आखाजी. सगळं बरोबर ओळखलं तिनं, ते 'थोडंच' तेवढं चुकलं.