गाय आहे, ट्रक नाही!

माहितगारांना सगळं माहीत असतं. म्हणून तर लोक त्यांना माहितगार म्हणतात, आणि बिचाऱ्यांना तो मान वाटतो! समोरच्याचं वाक्य अर्धं व्हायच्या आत ‘मला माहितीये’ म्हणून ते मोकळे. शेजाऱ्याला विहीर कुठे खणायची, तेही यांनीच सांगितलं. कोरडी निघाली, तर म्हणाले, ‘‘जागा बरोबर होती, पाणीच चुकलं.’’ अशा माणसाबरोबर बायकोने उभा जन्म काढला. तिला पदक द्यायला अजून कोणी आलेलं नाही.

एकुलत्या एका लेकीने स्वतःचा नवरा स्वतः निवडला. तो वापरलेल्या तेलापासून डिझेल करणाऱ्या कारखान्यात कामाला. खानावळींतलं तळणीचं तेल गोळा करायचं आणि त्याचं इंधन बनवायचं. काम चांगलं, माणूस त्याहून चांगला. पण माहितगारांनी दारातच नाक मुरडलं. ‘‘तुमच्या अंगाला तळणीचा वास येतो हो. उष्ट्या तेलावर संसार करणार का माझी मुलगी?’’

जावई गप्प राहिला. लेक नाही राहिली. बोलायचं ते बोलली आणि निघाली, ती तीन वर्षांत पुन्हा आली नाही. ‘‘येईल झक मारत, मला माहितीये,’’ बाप म्हणायचा. तो दूध घालायला गेला की आई चोरून फोनवर लेकीशी बोलायची, आणि फोन ठेवला की रडायची.

अशात भुरी व्याली. घरात दुभती गाय ती एकच, त्यामुळे घर तिच्याच जिवावर चाललेलं. बादली भरभरून दूध द्यायला लागली आणि आठवड्याभरात तिने खाणं टाकलं. वैरणीला तोंड लावेना, बसली की उठेना, तोंडाला कसलासा गोडसर वास. माहितगारांचं निदान तयारच होतं. ‘‘थंडी भरलीये.’’ त्यांनी स्वतःचं ब्लँकेट गाईवर घातलं आणि स्वतः रात्रभर कुडकुडले. गाय काही उठली नाही. सकाळी बायकोने त्यांना न विचारता गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

‘‘काका, थंडी नाहीये ही,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ‘‘खाण्यातून मिळते त्याहून जास्त ताकद दुधात जातेय. मग अंगातली चरबी जळते आणि भूक मरते. हिला ग्लिसरीन पाजा. गोड असतं, चटकन ताकद देतं. तेलाचं डिझेल करताना मागे उरतं ना, तेच. कच्चं मात्र नको हं, त्यात विषारी स्पिरिट असतं. साफ करून तपासलेलंच आणा. माझ्याकडचं संपलंय, आणि उशीर केलात तर गाय हातची जाईल.’’

‘‘डिझेलचा गाळ?’’ माहितगार कडाडले. ‘‘अहो बाई, गाय आहे ती, ट्रक नाही!’’

इथेच तर घोडं पेंड खात होतं. औषध जावयाच्या कारखान्यात, आणि सासऱ्याचं नाक आभाळात.

बायकोने लेकीला फोन केला. दुपारी जावई मागच्या दाराशी हजर. हातात साफ केलेल्या ग्लिसरीनचा कॅन. तपासणीचा कागद डॉक्टरीणबाईंनी फोनवर पाहून घेतला आणि किती पाजायचं तेही सांगितलं. ‘आत या’ म्हणायची सासूची छाती झाली नाही. तो हसून म्हणाला, ‘‘राहू द्या आई, आधी गाय.’’ आणि गेला. ती तशीच दारात उभी राहिली. स्वतःची लाज वाटली तिला.

मग तिने ते ग्लिसरीन अडगळीत पडलेल्या परदेशी टॉनिकच्या बाटलीत, ती धुऊन, भरलं. लेबलवरचं एक अक्षर माहितगारांना वाचता येत नव्हतं, पण म्हणून काय झालं? ‘‘हां, हे औषध मला माहितीये!’’ म्हणत त्यांनी स्वतःच्या हाताने ते गाईला पाजलं, सांगितल्याप्रमाणे, हळूहळू. भुरी उठली. वैरण हुंगली. दोन घास खाल्ले. झालं! माहितगार दूध केंद्रावर छाती काढून सांगत सुटले, ‘‘परदेशी औषध आहे. डिझेलचा गाळ पाजायला निघाली होती ती बाई!’’

तिसऱ्या दिवशी कॅन संपला. गाय अजून पुरती सावरलेली नव्हती.

‘‘अगं, ते परदेशी औषध संपलं. कुठल्या दुकानातून आणलंस?’’

पुन्हा गुपचूप मागवता आलं असतं तिला. पण आता पुरे झालं होतं.

‘‘दुकानात नाही मिळत. तळणीचा वास येणाऱ्या माणसाकडे मिळतं. मागच्या दाराने देऊन गेला. तुमच्या भीतीने मी त्याला साधं पाणी नाही विचारलं हो!’’

माहितगार गोठ्यातच बसले. ग्लिसरीनने चिकट झालेला त्यांचा हात भुरी चाटत होती. आता म्हणतील ‘मला माहीतच होतं’, म्हणून बायको वाट बघत राहिली. ते म्हणाले नाहीत.

‘‘फोन लाव तिला.’’

‘‘तुम्हीच लावा. तुम्हाला सगळं माहितीये.’’

त्यांनी खिशातून फोन काढला. मग तो बायकोपुढे धरला.

‘‘लेकीचा नंबर माहीत नाही मला,’’ ते म्हणाले.

हे वाक्य ऐकायला ती जन्मभर थांबली होती. ऐकलं की पोट धरून हसायचं, असं तिने कधीचं ठरवलं होतं. पण हसू काही आलं नाही. ती एकेक आकडा सांगू लागली, आणि मध्ये तोंड न घालता त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.