चिनी वैद्यबाईंनी नाडी बघितली तेव्हा

साल २०११, मी चौसष्ट वर्षांचा. आज सूनबाईच्या चहाला ज्येष्ठमधाचा वास आला आणि पोराच्या या परदेशी शहरातल्या झुइडओस्ट भागातलं ते चिनी औषधांचं दुकान आठवलं.

तेव्हा माझी बायको सुमन चार महिने खंगत चालली होती. पोरगा म्हणे, हाउसआर्ट्सकडं, म्हणजे इथल्या डॉक्टरकडं नेऊ. मी हटून बसलो. चौथी शिकलेला असलो तरी गावाकडं माझ्या झाडपाल्यानं माणसं उठून बसली होती. पण हिला गुण येईना, म्हणून चिनी वैद्यबाईंकडं नेलं. भिंतभर खणांतून वाळल्या मुळ्यांचा उग्र वास येत होता. बाईंनी सुमनची जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून नाडी बघितली, मग पोराशी इंग्रजीत बोलल्या.

"बाबा, त्या म्हणतात, आईचं औषध माझ्याकडं नाही. आजच डॉक्टरकडं न्या."

"शिकाऊ दिसतेय," मी म्हणालो.

सुमन म्हणाली, "अहो, तिचं तरी ऐका."

माझ्याकडं औषध नाही, असं मी जन्मात कुणा रोग्याला म्हटलं नव्हतं. त्याला जिगर लागते, हे सुमन वारल्यावर कळलं.

दुकानातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, तिला डॉक्टरकडं न नेता, मी माझाच काढा उकळला. सुमननं माझ्याकडं न बघता तो संपवला.