गळ्यावर वस्तरा असताना

सलूनवाल्या आजोबांना सगळी गल्ली रेडिओ म्हणायची. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की यांची टकळी सुरू! पण वस्तरा गळ्यावर आला की हुं की चूं नाही. गिऱ्हाईकानं नाही, यांनीही नाही. म्हणूनच उभ्या जन्मात आपल्या हातून कुणाचा गळा ओरखडला नाही, असं ते छाती फुगवून सांगत. घरी वस्तरा नसे, त्यामुळे आजी वैतागायच्या. "अहो, तोंडाला जरा कुलूप घाला!"

आणि एके सकाळी सलूनमध्ये खरंच कुलूप लागलं. उजव्या हातातून वस्तरा गळाला, तोंडातून शब्द फुटेना. थोड्या वेळात सगळं जागेवर आलं. पण आपण मुके झालो होतो, या विचारानं आजोबांची झोपच उडाली. तपासणीत निघालं, मेंदूला रक्त नेणारी मानेतली डावी रक्तवाहिनी चोंदली होती.

"ऐंशी उलटलेल्या माणसाच्या मानेला सुरी लावायची?" आजींनी डॉक्टरबाईंना विचारलंच.

"नुसतं वय बघून ठरवत नाही, आजी. यांचं हृदय ठणठणीत आहे. ऑपरेशनमध्येही थोड्यांना मेंदूचा झटका येतो, खोटं सांगणार नाही. पण असंच ठेवलं तर धोका जास्त. पुढच्या वेळी वाचा गेली तर परत येईलच असं नाही."

"मग करा," आजोबा म्हणाले. "मुक्या न्हाव्याकडे कोण येतंय?"

भूल फक्त मानेपुरती दिली. मेंदूला रक्त पोचतंय की नाही हे कळावं म्हणून पेशंटला बोलतं ठेवायचं होतं. उजव्या हातात दाबलं की वाजणारं रबरी बदकही दिलं. आजोबांनी सगळ्यांना हसवून हसवून बेजार केलं. मग डॉक्टरबाईंनी रक्तवाहिनीला चिमटा लावून रक्त अडवलं आणि म्हणाल्या, "पातं द्या."

रेडिओ बंद!

"आजोबा? बोला! आजोबा!" डॉक्टरबाई ओरडल्या. "बदक दाबा!"

बदक असं केकाटलं की नर्स दचकली.

"अहो, मग बोलत का नाही?"

आजोबांनी डोळ्यांनीच खूण केली. डॉक्टरबाईंनी हात मागे घेतला, तेव्हा कुठे ओठ उघडले. "पातं गळ्यावर असताना बोलायचं नसतं, बाई. जन्माची सवय आहे."

बाहेर आणलं तेव्हा आजी खाटेला बिलगूनच चालल्या. "अहो, बोला ना काहीतरी."

आजोबांनी बदकापासून सगळं सांगितलं. एकही शब्द अडखळला नाही. "आता पुरे, दमाल," नर्स म्हणाली.

आजींनी डोळे पुसले, स्टूल जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."