मागं कोण राहिलं?

नाशिकरोडला, जेल रोडच्या आतल्या गल्लीत देवराम एकटे राहतात. उभी हयात इगतपुरीला स्टेशन मास्तर म्हणून गेली. धुवाधार पावसात गाडी सुटली, की बाकीचे डोकं झाकत आत पळायचे. हे मात्र शेवटच्या डब्याच्या पाठीवरची फुली दिसेपर्यंत फलाटावर उभे. फुली दिसली नाही, तर एखादा डबा सुटून मागं राहिला असं धरायचं, आणि मागची गाडी काही केल्या सोडायची नाही.

घरी त्यांच्या बायकोचा, सिंधुबाईंचाही असाच नेम होता. शेवटचं माणूस आत आल्याखेरीज दाराला कडी नाही. ड्यूटी कितीही लांबो, भाकरी फडक्यात आणि दार नुसतं लोटलेलं. त्या गेल्या आणि घरातलं पहिलं माणूसही देवराम, शेवटचंही तेच. कडी नेमकी कधी लावायची ते कळेना, म्हणून देवापाशी सांजवात झाली की लावून टाकू लागले.

अशात गल्लीतल्या वेदिकानं त्यांना कामाला जुंपलं. ती पुण्याच्या एका संस्थेत समुद्राचा अभ्यास करते. मोठं वादळ येणार म्हटलं, की संस्थेतली पोरं कोकणच्या किनाऱ्यावर जाऊन वाळूत नळ्या पुरतात. लाट किती उंच आली, पाणी गावात कुठवर घुसलं, किनारा किती खाल्ला, ते त्यातून कळतं. पण नळ्या पुरून वादळाच्या आधी माणसं वर डोंगरावर यायला हवीत. कोण कुठं आहे, कोण निघालं, कोण पोचलं, हे सांभाळायला लांबचं, लाइट न जाणारं ठिकाण आणि न कंटाळणारा माणूस हवा होता. वेदिका संस्थेतल्या तिच्या मॅडमना म्हणाली, असा माणूस आमच्या गल्लीत आहे.

देवरामांना जणू पुन्हा स्टेशन मिळालं. टेबलावर दोन फोन आले, भिंतीवर नकाशा आला. प्रत्येक तुकडीला त्यांचा एकच प्रश्न असे, मागं कोण राहिलं? सगळ्यांत शेवटी निघणाऱ्यानं स्वतः सांगायचं, ‘शेवटचा मी.’ तोवर ती तुकडी बाहेर पडली असं ते मानत नसत. पोरांना याची गंमत वाटे. मागच्या वादळात मालेगावचा ओवेस म्हणाला होता, “चाचा, आम्ही माणसं आहोत, मालगाडी नाही.” सगळे हसले. देवरामही हसले, पण ते बोलणं मनात कुसळासारखं रुतून बसलं. चार माणसांशी बोलणं होतं ते एवढंच. त्यातही आपण कटकटे ठरलो, तर फोन तरी कोण करणार?

यंदा वादळ दापोलीच्या अंगानं आलं. दोन तुकड्या वेळेत वर आल्या. तिसरीकडून दुपारी ओवेसचा फोन आला, मागं वाऱ्याचा घोंगावा. “चाचा, निघालोच.”

आपल्याकडं ‘निघालोच’ म्हणणारा माणूस अजून चपला शोधत असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. देवरामांच्या ओठावर प्रश्न आलाही. पण ते हसू आठवलं आणि त्यांनी तो गिळला. मॅडमना कळवलं, सगळे बाहेर. त्यांच्या शब्दावर तालुक्याची मदतीची गाडी तिथून हलली आणि पुढच्या गावाला गेली.

अर्ध्या तासानं ठेवलेला चहा अजून गाळलेला नव्हता, तोच बारकूचा फोन. हा इगतपुरीकडचा, त्या तुकडीची जीप चालवणारा. जीप डोंगरावरच्या शाळेत लागली होती.

“काका, वेदिकाताई नाय आमच्यात. तुम्हाला ठाव हाय ना?”

एक नळी सैल झाली म्हणून वेदिका ती आवळायला थांबली होती. गावातल्या कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागून येते म्हणाली. आणि मधल्या रस्त्यावर सुरूचं झाड आडवं झालं होतं.

देवरामांनी तिचा नंबर लावला. लागेना. मग मॅडमना फोन केला आणि आडपडदा न ठेवता म्हणाले, “मी चूक सांगितलं. न विचारता सांगितलं. वेदिका मागं राहिलीय.” गाडी परत फिरवते, एवढंच बाई म्हणाल्या. पण रस्ता बंद, गाडी तरी जाणार कुठून?

मग त्यांना करण्यासारखं काही उरलं नाही. किनाऱ्यावरचे फोन एकेक करून मुके झाले. देवापुढं बसून त्यांनी सिंधुबाईंची माळ हातात घेतली. नाम ओठावर येई आणि मणी तिथंच अडे. ही गल्लीत परकर सावरत लंगडी खेळलेली पोर. देवा, पोरं हसतील या माझ्या भीतीची शिक्षा तिला नको, एवढंच ते पुटपुटले. दिवेलागणीला वादळाचं शेपूट घाट चढून नाशकात आलं. लोटलेलं दार आपटू लागलं. उठून कडी घालावी हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

अनोळखी नंबर वाजला.

“काका, वेदिका बोलतेय. मागं कोणी नाही. शेवटची मीच.”

कुठून बोलतेस, देवरामांनी विचारलं. झाड पडल्यावर मोटरसायकल टाकून दोघं काजूच्या बागेतून चढली आणि वरच्या वाडीत एका कोळणीच्या घरी टेकली. नळी मात्र घट्ट बसली, हेही तिनं सांगितलं. मग म्हणाली, “तुमच्याकडंही वारा ऐकू येतोय. सोबत कोण आहे?”

“मी आहे की,” देवराम म्हणाले.

त्यांनी मॅडमना कळवलं, बारकूला कळवलं. ओवेसनं बारकूच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, “चाचा, पुढच्या वेळी विचारा.”

बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आता कळवायचं असं कुणी उरलं नव्हतं. चहाचं भांडं तसंच होतं, वर साय धरलेली. दार अजून आपटत होतं. देवराम उंबऱ्यात आले आणि जुन्या सवयीनं गल्लीच्या टोकापर्यंत बघत उभे राहिले. पावसात कोणी येत नव्हतं. अंग भिजेपर्यंत ते तसेच थांबले, मग आत वळले आणि त्यांनी कडी लावली.