काकूची हिरवी मोटार आणि कारखान्याचं कार्ड

साठच्या दशकातली गोष्ट. तंजावूरला राजवाड्यामागच्या आमच्या घरी एका दुपारी इंग्लंडहून जाड लिफाफा आला... आणि अप्पा अर्ध्या जेवणावरून उठले.

झालं होतं असं. काका जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांची मोटार काकूने विकू दिली नव्हती. आता चुलतबहिणीच्या लग्नाआधी ती रंगवायची होती. काकूचं एकच म्हणणं, तोच हिरवा हवा. तिच्या लग्नातल्या पट्टूचा, म्हणजे रेशमी साडीचा रंग तो. काकांनी खास कारखान्याला लिहून मागवलेला, असं ती अख्ख्या गल्लीला सांगत आली होती.

उन्हाने रंग पार उडालेला. माझे अप्पा गणिताचे मास्तर, अंदाजपंचे काही चालायचं नाही त्यांना. त्यांनी सरळ कारखान्यालाच विचारलं.

उत्तर म्हणून गाडी बनली तेव्हाच्या कार्डाची नक्कल आली. सगळे आकडे आणि तुटकी अक्षरं! चासी, इंजिन, चावी यांचे नंबर तेवढे कळले. रंगाच्या आकड्यासाठी मी तिरुचीच्या एका गॅरेजमधून सुट्या भागांचं जुनं पुस्तक मागून आणलं. ओळीवरून बोट फिरवत अप्पा थांबले... मग मलाही वाचायला लावलं.

काळा.

माझं म्हणणं, काकूला सांगूच नये. तिच्याजवळ काकांचं म्हणून एवढं एकच तर होतं. पण अप्पा कसले ऐकतात... "वहिनी, तिकडून काळीच आली होती. हिरवा मागाहून लागलाय." काकू आत निघून गेली. मला अप्पांचा भयंकर राग आला.

संध्याकाळी दिवा लावून ती बाहेर आली. "त्या कागदावर आणि काय आहे, भावोजी?"

अप्पा एकेक ओळ सोडवत गेले. सीट तपकिरी, हीटर नाही... शेवटच्या ओळीत गाडी जहाजावर चढवल्याचा महिना होता. जून.

"जूनांत? नीट पहा."

अप्पांनी पुन्हा पाहिलं. जूनच.

काकू उंबऱ्यावर बसली. लग्नानंतरचा पहिला दिवाळसण तिच्या माहेरी, पापनाशमला होता. सगळा गोतावळा जमला आणि मोटार उतरवून घ्यायला मद्रासला गेलेला जावईच आला नाही... तिथून फक्त तार आली.

"जहाज आलें नाही म्हणून तार केली यांनी. माझ्या अप्पाचें तोंड एवढें झालें होतें. मी किती दिवस धड बोललें नाही यांच्याशी." मग म्हणाली, "जूनांत निघाली म्हणजे मोटार दिवाळीच्या कितीतरी आधीच आली होती. कारखान्याने काळी पाठवली, आणि हे तिथें हिरवी रंगवीत बसले."

एरवी प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणाऱ्या अप्पांनी या वेळी कार्डाची घडी करून तिच्या हाती दिली.

काकू हसली. मग पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली. "सांगायचें होतें की मला," एवढंच म्हणत राहिली.

मोटार हिरवीच रंगवली हे सांगायला नकोच. त्या सबंध लग्नात काकूइतकं खुशीत कुणी नव्हतं. दिवाळसणाची ती अढी तिने इतकी वर्षं मनात ठेवली होती, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं...

त्या कार्डावर महिना टिपून ठेवणारा कारकून कोण होता कोण जाणे. आज मला त्याचे आभार मानावेसे वाटतात... काका हयात नसताना त्याने त्यांची बाजू मांडली.